बिबट्या मोजतात कसा, आणि पकडला की सोडायचा कुठे?

२०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबुत भागात साधारण तीन आठवड्यांत तीन माणसं बिबट्याच्या हल्ल्यात गेली. पाच वर्षांची एक मुलगी, ऐंशी ओलांडलेल्या एक आजी आणि तेरा वर्षांचा एक मुलगा. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. मग शार्पशूटर आले आणि एक बिबट्या गोळी घालून मारला गेला. पाठोपाठ जुन्नर वनविभागात बिबट्यांच्या नसबंदीचा प्रयोग करायला केंद्राने परवानगी दिल्याची बातमी आली.

तेव्हापासून चावडीवर आणि एसटीच्या थांब्यावर तेच प्रश्न ऐकू येतात. बिबटे नक्की किती आहेत? इतके पिंजरे लावता, मग बिबटे संपत का नाहीत? पकडलेला लांब कुठेतरी का सोडत नाही? प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरं आहेत. वीस-पंचवीस वर्षं आपल्याच शिवारात रात्री-बेरात्री फिरून जीवशास्त्रज्ञांनी ती शोधलेली आहेत. ती गावापर्यंत पोचली नाहीत, म्हणून हा लेख.

उसात जो दिसतच नाही, तो मोजायचा कसा?

आधी रांजणातले वाल घ्या. रांजणात किती वाल आहेत ते सगळे न मोजता सांगायचं आहे. मूठभर बाहेर काढा, समजा ३० निघाले. त्यांना लाल रंगाचा ठिपका लावा, परत रांजणात टाका आणि नीट ढवळा. आता पुन्हा मूठ भरून काढा. या वेळी ४० निघाले आणि त्यांतले १० ठिपकेवाले आहेत. म्हणजे हाती आलेल्यांपैकी चौथा हिस्सा रंगवलेला. मग रांजणातही चौथाच हिस्सा रंगवलेला असणार. रंगवलेले ३०, तर एकूण वाल साधारण १२०.

बिबट्याच्या मोजणीचा गाभा हाच आहे. फरक एवढाच, की बिबट्याला रंग लावावा लागत नाही, तो ठिपके घेऊनच जन्मतो. आपल्या अंगठ्याचा ठसा जसा दुसऱ्या कुणाचा नसतो, तशी एका बिबट्याच्या अंगावरची नक्षी दुसऱ्याच्या अंगावर नसते. त्याचा फोटो मिळाला की ती त्याची सही झाली. महिन्याभरात तीच सही किती वेळा भेटते आणि नव्या सह्या किती भेटतात, यावरून न दिसलेल्या बिबट्यांचाही अंदाज बांधता येतो.

फोटो काढतो कॅमेरा ट्रॅप. नावात ट्रॅप असला तरी तो कुणाला पकडत नाही. समोरून अंगात ऊब असलेला प्राणी हलला की हा डबा आपोआप फोटो घेतो. तो साधारण गुडघ्याच्या उंचीवर बांधतात आणि एका जागी दोन, वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर. कारण बिबट्याच्या डाव्या कुशीची नक्षी उजव्या कुशीसारखी नसते. एकच कॅमेरा लावला, तर एका बिबट्याचा डावा फोटो आणि उजवा फोटो दोन बिबटे म्हणून मोजले जातील.

खरी कसोटी जागा निवडण्यात असते. उसाच्या फडात मधोमध कॅमेरा लावून उपयोग नाही, पानांच्या हालचालीनेच कार्ड भरून जाईल. बिबट्याही माणसासारखाच सोपी वाट धरतो. बांध, ओढ्याचं पात्र, कालव्याकडेचा रस्ता, दोन फडांमधली बैलगाडीची वाट. म्हणून आधी कित्येक दिवस नुसतं चालायचं. मातीत ठसे बघायचे, विष्ठा शोधायची, झाडाच्या खोडावरचे ओरखडे बघायचे, मेंढपाळाशी आणि दूध घालायला पहाटे निघणाऱ्याशी बोलायचं. या कामात गावातलाच एखादा माहीतगार सोबती असतो आणि माझ्या मते अर्धं श्रेय त्याचं असतं, पण शोधनिबंधात त्याच्या वाट्याला आभाराची एक ओळ येते. कॅमेरे लागले की दर काही दिवसांनी कार्ड बदलायचं आणि हजारो फोटोंमधून कुत्री, शेळ्या, मोटरसायकली आणि चारा नेणाऱ्या बाया बाजूला काढायच्या. त्यातून बिबट्याचे पाच-पंचवीस फोटो उरतात.

हे सगळं दीड-दोन महिन्यांत उरकावं लागतं. मोजणी फार लांबली, तर मधल्या काळात काही बिबटे मरतात, काही जन्मतात, काही बाहेरून येतात. वाल मोजता मोजता कुणी रांजणात मूठभर टाकत राहिलं, तर हिशेब जुळेल का?

पूर्वी ठशांवरून मोजायचे, ते काय वाईट होतं?

वाघांच्या बाबतीत देशभर तेच चालायचं. पायाचा ठसा काचेवर गिरवायचा आणि त्यावरून हा अमुक वाघ, तो तमुक वाघ असं ठरवायचं. पण एकाच पायाचा ठसा ओल्या मातीत वेगळा उमटतो, फुफाट्यात वेगळा. शिवाय या पद्धतीत प्रत्येक वाघ सापडलाच, असं गृहीत धरलेलं होतं. राजस्थानातल्या सरिस्का प्रकल्पात कागदावर वाघ होते आणि २००४-०५ मध्ये कळलं की प्रत्यक्षात एकही उरलेला नाही. त्या धक्क्यानंतर देशाने पद्धत बदलली. कर्नाटकात नागरहोळेच्या जंगलात वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथ यांनी नव्वदच्या दशकातच कॅमेऱ्याने वाघ मोजून दाखवले होते. २००६ पासून तीच वाट देशभर धरली गेली.

सरकारी आकड्यात आमच्या शिवारातला बिबट्या आहे का?

बहुधा नाही. ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे.

२०२२च्या पाहणीचा बिबट्यांचा अहवाल फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. देशात १३,८७४ बिबटे, त्यात महाराष्ट्रात १,९८५. आधीच्या २०१८च्या पाहणीत महाराष्ट्राचा आकडा १,६९० होता. काम प्रचंड होतं. ६,४१,४४९ किलोमीटर पायी पाहणी, ३२,८०३ ठिकाणी कॅमेरे, पावणेपाच कोटींच्या आसपास फोटो, आणि त्यांतले ८५,४८८ बिबट्याचे. पण ही पाहणी मुळात वाघांसाठी आखलेली असते, म्हणून ती जंगलात होते. बिबट्याच्या अपेक्षित अधिवासापैकी साधारण ७० टक्केच तिच्यात येतो, असं सरकारनेच सांगितलं आहे. उसात जन्मून उसातच म्हातारा होणारा बिबट्या या मोजणीच्या बाहेर राहतो.

त्यामुळे '१,९८५' हा आकडा वाचून जुन्नरमध्ये बिबटे वाढले की घटले, हे ठरवता येत नाही. ते ठरवायला जुन्नरमध्येच कॅमेरे लावायला हवेत आणि दर थोड्या वर्षांनी त्याच जागी, त्याच पद्धतीने पुन्हा लावायला हवेत.

असं काम शेजारच्या नगर जिल्ह्यात, आता ज्याला अहिल्यानगर म्हणतात तिथे, झालं आहे. वन्यजीवशास्त्रज्ञ विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात २००८च्या शेवटी शेतांमध्ये कॅमेरे लावले. तिथे दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात आणि जंगल म्हणावं असं जवळपास नाही. तरीही दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे निघाले, तेवढेच तरसही. पिल्लांसकट मादीचे फोटो मिळाले. म्हणजे हे वाट चुकून आलेले पाहुणे नव्हते, तिथले रहिवासी होते. २०१३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा अनेकांना धक्का बसला. अकोल्यातल्या लोकांना बसला नसेल. वाघबारसेला तिथले महादेव कोळी वाघोबाला पुजत आलेले आहेत. तिथला म्हातारा माणूस बिबट्याला आजही वाघच म्हणतो.

रोज दिसतात की! मग वाढलेच असणार

वाढले असतीलही. पण दिसणं आणि असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सकाळी तुमच्या गावात, दुपारी शेजारच्या गावात आणि संध्याकाळी तालुक्याला लाल एसटी दिसली, म्हणून तीन एसट्या धावतात असं होत नाही. बिबट्या एका रात्रीत सहज दोन-तीन गावांच्या शिवारातून जातो. शिवाय पूर्वी गोठ्यापाशी वाघरू आलं तर घरातल्या चौघांना कळायचं. आज सीसीटीव्हीतली तीच चित्रफीत सकाळपर्यंत दहा तालुके बघतात. जुन्नर-शिरूरमध्ये ऊस वाढला, कुकडीच्या धरणांनी बारमाही पाणी आणलं, त्यामुळे बिबट्याला लपायला जागा आणि खायला भक्ष्य मिळालं, हे खरंच आहे. पण किती वाढले, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. आणि कुणाची नसबंदी करायची, किती पिंजरे लावायचे, हे सगळे निर्णय त्या 'किती'वर उभे आहेत.

कॅमेऱ्याला जे कळत नाही

कॅमेरा बिबट्या आहे एवढं सांगतो. तो काय खातो, हे विष्ठा सांगते. वाळलेली विष्ठा गोळा करायची, धुवायची आणि तिच्यातले केस सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. शेळीचा केस वेगळा, कुत्र्याचा वेगळा, उंदराचा वेगळा. किळस वाटावी असं काम आहे, पण अकोल्यात त्यातून जे निघालं त्याने सगळी समजूत बदलली. बिबट्याच्या खाण्यात वजनाने ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा होता आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्यांचा त्याहून खूप कमी. 'जंगलात हरणं उरली नाहीत म्हणून तो गावात येतो' हे वाक्य आपण सगळेच म्हणतो, मीही म्हणायचो. इथे तर तो गावातच राहतो आणि उकिरड्यावर पोसलेली कुत्री खातो. बिबट्या गावात येऊ नये म्हणून जंगलात शेळ्या सोडा, हा उपाय ऐकला की मला ती विष्ठा आठवते.

तो कुठे जातो, हे कॉलर सांगते. भुलीचं इंजेक्शन देऊन बिबट्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधतात. पट्टा त्याच्या वजनाच्या अगदी थोड्या टक्क्यांएवढाच जड ठेवतात. भूल दिल्यावर डोळ्यांवर फडकं टाकायचं, दर काही मिनिटांनी ताप आणि श्वास बघायचा, अंग तापलं तर पाणी मारायचं. सगळं पाऊण-एक तासात संपवावं लागतं. या कॉलरांनी दाखवलं, की दिवसा हे बिबटे घरांपासून अंतर राखून झोपतात आणि रात्री, आपण दारं लावली की, घरांच्या जवळून फिरतात.

पकडलात ना? मग लांब जंगलात नेऊन सोडा

हे सगळ्यांना सुचतं. मलाही हेच शहाणपणाचं वाटायचं. आणि हे करून झालेलं आहे.

फेब्रुवारी २००१ पासून जुन्नर भागात बिबटे पकडून सरासरी चाळीसेक किलोमीटर लांबच्या जंगलांत सोडायला सुरुवात झाली. त्याआधीच्या आठेक वर्षांत तिथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. सोडणं सुरू झाल्यावर ते वर्षाला सरासरी १७ झाले. हल्ल्यात जीव जाण्याचं प्रमाणही दुप्पट झालं, १८ टक्क्यांवरून ३६. अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हे आकडे मांडले. त्याच वर्षी केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि बिबट्या उचलून दुसरीकडे सोडू नका, असं सांगितलं.

असं का झालं असेल? तुम्हाला कुणी रात्री झोपेतून उचललं, इंजेक्शन दिलं आणि अनोळखी शहरातल्या फलाटावर सोडलं, तर काय कराल? पाणी कुठे, कुत्रं कुठे, कोण कुठल्या वाटेने येतं, काहीच माहीत नाही. तिथे आधीपासून राहणारा बिबट्या टिकू देत नाही. त्यात सोडलेला बिबट्या सोडल्या जागी थांबेलच असंही नाही. नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेल्या एका म्हाताऱ्या नराला २००९ मध्ये कॉलर घालून माळशेज घाटाजवळ सोडलं. 'आजोबा' असं त्याचं नाव ठेवलं होतं. तो चालत चालत, रेल्वेमार्ग आणि महामार्ग ओलांडत, सुमारे १२० किलोमीटरवर मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. इतक्या लांब जाऊन त्याने वाटेत एकाही माणसाला दुखावलं नाही. २०११च्या अखेरीस मुंबई-अहमदाबाद रस्त्यावर गाडीच्या धडकेने तो गेला.

इकडे जिथून बिबट्या उचलला, ती जागा रिकामी राहत नाही. चाळीतली खोली रिकामी झाली की नवा भाडेकरू येतोच. फरक इतकाच, की जुना बिबट्या त्या गावाच्या वेळा ओळखून होता आणि नवा तरणा नर सगळं नव्याने, धडपडत शिकतो.

ऊसतोडणीतली पिल्लं

हिवाळ्यात फड तुटायला लागले की बातम्या येतात, 'उसात बिबट्याची पिल्लं सापडली'. या वेळी सगळ्यात मोठी चूक होऊ शकते, ती म्हणजे पिल्लं घेऊन जाणं. पिल्लं नाहीशी झाली, की मादी रात्रभर त्याच शिवारात हिंडते आणि तेव्हा ती सगळ्यात धोकादायक असते.

म्हणून वनखातं आणि जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले पशुवैद्य एक साधी गोष्ट करतात. पिल्लं तपासायची, तोडणी थांबवायची, संध्याकाळी पिल्लं एका क्रेटमध्ये घालून नेमक्या त्याच जागी ठेवायची आणि माणसांनी लांब व्हायचं. समोर कॅमेरा ट्रॅप असतो. बहुतेक वेळा रात्री मादी येते, क्रेट पाडते, एकेक पिल्लू तोंडात धरून दुसऱ्या फडात नेते. दुसऱ्या रात्रीही आली नाही, तर पुन्हा ठेवतात. यात पिंजरा नाही, बंदूक नाही, आणि मला विचाराल तर गेल्या वीस वर्षांत या भागात झालेलं सगळ्यात उपयोगी काम हेच आहे. यात ऊसतोड मजुरांचा मोठा हात आहे. कोयता थांबवला की त्यांची दिवसाची मजुरी बुडते, तरी ते थांबवतात.

सरळ मारून का टाकत नाही?

वन्यजीव संरक्षण कायद्यात, १९७२ पासून, याची तरतूद आहे. बिबट्या माणसांच्या जिवावर उठला असेल, तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक त्याला पकडायचा आणि काही मार्गच उरला नाही तर मारायचा आदेश देऊ शकतात. माणसं मारण्याची सवय लागलेला बिबट्या हटवलाच पाहिजे, याबद्दल प्रत्यक्ष शिवारात काम करणाऱ्यांत दुमत नाही.

अडचण ओळखण्याची आहे. उसात रात्री दोन डोळे चमकले, तो त्या मुलाला मारणाराच कशावरून? चुकीचा बिबट्या मेला, तर गाव निर्धास्त होतं, मुलं पुन्हा अंगणात झोपतात आणि खरा तिथेच असतो. इथे आधीची मोजणी कामाला येते. ठिपक्यांची नोंद तयार असेल, तर हल्ल्याच्या जागी कॅमेऱ्यात आलेला कोण आणि पिंजऱ्यात आलेला कोण, हे लावून बघता येतं. जखमेवरच्या लाळेतून डीएनए काढूनही जुळणी होऊ शकते, पण त्यासाठी नमुना लगेच घ्यावा लागतो आणि त्या घडीला घरच्यांना ते सांगायला कुणाची जीभ रेटेल?

सरसकट मारायचं म्हटलं, तर पुन्हा तीच रिकामी खोली.

मग नसबंदी तरी चालेल ना?

प्रयोग म्हणून करून बघायला माझी हरकत नाही. पण त्यातून काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे गावाला आधी सांगायला हवं.

नसबंदी झालेली मादी जिवंत असते. तिला भूक लागते, ती त्याच बांधावरून फिरते, कुत्री आणि शेळ्या धरते. उद्याचा हल्ला नसबंदीने थांबत नाही. बिबट्या दहा-बारा वर्षं जगू शकतो, म्हणजे संख्या कमी व्हायची असेल तरी वर्षं जातील. समजा एका पट्ट्यात २० माद्या आहेत आणि पाचांची नसबंदी केली. उरलेल्या पंधरा व्यायचं थांबत नाहीत. उलट खाण्यात वाटेकरी कमी झाल्याने त्यांची जास्त पिल्लं जगू शकतात. फरक पडावा, तर बहुतेक माद्या पकडाव्या लागतील आणि पिंजऱ्याला एकदा फसलेली मादी पुन्हा सहज फसत नाही.

एक बाजू मात्र आशेची आहे. नसबंदी झालेली मादी तिच्याच जागी सोडली, तर खोली रिकामी होत नाही. भाडेकरू तोच राहतो, फक्त पोरं वाढत नाहीत. पकडून कायमचं कोंडण्यापेक्षा हे बरं ठरू शकेल. ठरेल का, हे कुणी कॉलर लावून आणि आधी-नंतर मोजून पाहिलं तरच कळेल.

तुम्हाला बोलायला काय जातं?

हा आक्षेप मी सगळ्यात गांभीर्याने घेतो. ज्या घरातलं मूल गेलं, त्या घराला सरासरी ४ होते की १७, याने काही फरक पडत नाही. शेतीला वीज रात्री येते, म्हणून माणूस रात्री दोनला मोटार चालू करायला उसाच्या कडेने एकटा जातो. संडासाला आडोसा नाही, गोठ्याला दार नाही, वस्तीवर दिवा नाही. बिबट्या वाकलेल्या, बसलेल्या, लहान दिसणाऱ्या आकाराकडे भक्ष्य म्हणून बघतो. म्हणूनच मुलं, वाकून गवत कापणाऱ्या बाया आणि म्हाताऱ्या यांच्यावर जास्त हल्ले होतात. तेव्हा दिवसाची वीज हा बिबट्याचाच उपाय आहे, तसंच जाळी लावलेला बंद गोठा, गावाबाहेर टाकलेल्या कोंबड्यांच्या घाणीचा बंदोबस्त आणि शाळेच्या वाटेवरचा साफ केलेला बांध. हे वनखात्याच्या एकट्याच्या हातात नाही, वीजमंडळ आणि ग्रामपंचायत दोघांनाही यात उतरावं लागेल. बिबट्या दिसला किंवा पिल्लं सापडली, तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे.

नसबंदीच्या प्रयोगाचा निकाल येईल, तेव्हा बातमीत किती माद्या पकडल्या आणि किती जणींची नसबंदी झाली, हे आकडे असतील. त्या दिवशी आपल्या वनपालाला दोन गोष्टी विचारा. पिंजरे लावण्याआधी या शिवारात किती बिबट्यांच्या ठिपक्यांची नोंद झाली होती? आणि पुढच्या वर्षी त्याच बांधांवर तेच कॅमेरे पुन्हा लागणार आहेत का?